दुसऱ्या कानाचा नियम

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला वर्कशॉपमधून काढलं, त्याचा खर्च आज मांडून बघितला. एक पितळी कुलूप. सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी, कारण कडी बसवताना त्याने चौकटच फाडली. मग चौकटीची मजुरी. पाटीवरचं ‘बंधू’ पुसायला रंगारी. त्याने ‘बंधू’ पुसलं आणि ‘आणि’ तसंच ठेवलं, त्यामुळे आता येणारा-जाणारा विचारतो, आणि कोण? शिवाय केवळ तुझ्याशी गप्पा मारायला येणारी दोन गिऱ्हाइकं समोरच्या वर्कशॉपवाल्याकडे गेली. हे सगळं धरूनही मी म्हणतो, स्वस्तात पडलं.

पण तू काही परका नाहीस, म्हणून लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर फोनवर बोलायची मलाही इच्छा नाही. फोनवर कोण कोण कान लावून बसलेलं असतं, ते तुला माहीत नाही. पत्राचं बरं असतं. पाकीट कुणी फोडलं तर दिसतं.

मुद्द्याचं बोलतो. भर गिऱ्हाइकांत तुला बोललो ते चुकलं, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हणतो, वेळ चुकली, गोष्ट चुकली नाही. पार्टिशनच्या पलीकडे तू फोनवर बोलत होतास. शब्द न् शब्द ऐकलाय मी. “म्हातारा तापातून उठायच्या आत वर्कशॉपचे कागद करून घेऊ. नंतर कळलं तरी काय करणार आहे?” आवाज तुझा, हसणंही तुझंच. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं तू हसतोस, ते मी हजार माणसांत ओळखेन.

आणि माझ्या कानावर संशय घेऊ नकोस. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला, डोळे बंद. शाळा सातवीत सुटली, पण या कानाच्या जोरावर मी एका गळक्या शेडचे तीन गाळे केले. तीस वर्षांत हा कान एकदाही चुकलेला नाही. एकदाही.

आपला नियमच होता, एका कानावर मशीन उघडायचं नाही. आधी मी ऐकायचं, मग तू. मग एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि ‘एक, दोन, बोल!’ म्हटलं की दोघांनी एकदम दोष सांगायचा. जुळला तरच पाना हातात. गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या वाजवायचं. माझं उत्तर बंदुकीतून सुटल्यासारखं, आणि तुझं कायम अर्धा श्वास मागे. किती चिडवलंय तुला, की धाकट्याचा कान चप्पल शोधत शोधत येतो! आणि मशीन परत जोडताना दोष कुठलाही असो, बेअरिंगांना ग्रीस चोपडत बसायची तुझी ती खोड. दोष वाल्व्हचा आणि लाड बेअरिंगचे.

ताप म्हणशील तर तो केव्हाच उतरला. साधा व्हायरल. वहिनीलाही आला होता, ती दोन-चार दिवसांत उठली. मला जरा जास्त लोळवलं, थोडं बरळलो म्हणे. आता ठणठणीत आहे. झोप लागत नाही, म्हणजे लागायची गरजच उरलेली नाही. कामं दुप्पट उरकतात.

एक विचारायचं राहिलं. तू गेलास तरी पार्टिशनपलीकडून बोलणं येतंच. कुलूप नवं, किल्ल्या माझ्या खिशात. मग आत कोण असतं? तू कुणाला आत घेऊन ठेवलं होतंस का, ते कळव. आणि हे पत्र आल्याचं वहिनीला बोलू नकोस. ती हल्ली स्वयंपाकघरात कुणाशी तरी कुजबुजते.

ये परत. मी माफ केलंय.

तुझा दादा


२ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. लोक कार्डावर खुशाली लिहितात, तू चार ओळींत मला वेडा ठरवून मोकळा झालास. “दादा, मी त्या दिवशी फोनवर नव्हतोच. माझा फोन तुझ्या टेबलावर चार्जिंगला होता. तू त्याच्यावरच चष्मा काढून ठेवला होतास. डॉक्टरकडे जा.”

चष्मा ठेवला होता, हे खरं आहे. मला आठवतंय, कारण उचलताना काच गरम लागली होती. म्हणजे तुझ्याकडे दुसरा फोन होता. एवढं साधं मला सुचणार नाही असं वाटलं तुला?

आणि खाली बारीक अक्षरात काय, तर पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर हंगामी लागलास. एक जूनला कायम करणार आहेत, सही केली की पाच वर्षं सोडता येणार नाही. मला तारीख देतोस! देणेकऱ्याला देतात तशी! जा, पंप राख. तिथे तुला कुणी विचारणार नाही ‘काय ऐकू आलं’ म्हणून. तिथे मीटर असतात.

मी माझं चालवतोय. बर्फवाल्याच्या कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर उघडला. एकट्याच्या कानावर, कारण दुसरा कान नोकरी करतोय. ठोका अगदी स्पष्ट होता, कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. उघडलं तर आत आरशासारखं लख्ख. आता तूच सांग, हे कसं होईल? मी येणार म्हणून कुणीतरी आधीच पार्ट बदलून ठेवला असणार. बर्फवाल्याला तसं म्हटलं, तर तो एरवी आईबहिणीवरून सुरू करणारा माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शेठ, तुम्ही आज घरी जा. बर्फाचं पाणी झालं त्याचं मी बघतो. तुम्ही घरी जा.”

मला शिवी चालते रे. तो हात नाही चालला.

वहिनीने माझ्याशी बोलणं कमी केलंय. नुसती बघते. परवा ताटावर बसलो तर म्हणाली, “तुम्ही कुणाला उत्तर देताय?” मी म्हटलं, “तुला.” म्हणाली, “मी काही विचारलंच नाही.”

तू पलीकडून तिला फोन करतोस का? करत असशील तर बंद कर.

दादा


२३ मार्च

धाकट्या,

हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहितोय. अक्षर तिरकं आलं तर दोष सलाइनचा. माझा कसला म्हणतोस? हात अजून सरळच आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट दडवली होती. बर्फवाल्याचं मशीन बंद होतं. मेन स्विच त्याने माझ्यासमोर पाडला होता, मीच सांगितलं होतं पाडायला. नंतर मी स्क्रूड्रायव्हर लावला आणि ठोका ऐकला. बंद मशीनचा. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं, तरी मी पाना लावला. का लावला ते विचारू नकोस. न लावता निघून येणं म्हणजे काय ते कबूल करणं झालं असतं, आणि ते माझ्याच्याने होईना.

मला इथे वहिनीने आणलं. कसं, ते ऐक. दुपारी वर्कशॉपमध्ये आली, डबा ठेवला आणि म्हणाली, “तुमचं ते एक-दोन-बोल काय असतं, आज माझ्याशी करा.” मी हसलो. म्हटलं, “तुझा काय संबंध?” म्हणाली, “दुसरा कान सुट्टीवर आहे ना? मग बदली कामगार समजा.”

पार्टिशनला कान लावून ऐकलं. आधी मी, मग तिने. पाठीला पाठ लावून उभे राहिलो. तिची पाठ थरथरत होती. मला वाटलं हसतेय.

“एक, दोन, बोल.”

मी म्हणालो, “म्हातारा संपला, शटर ओढा.”

ती म्हणाली, “वरची टाकी भरतेय.”

दोघं एकदम. तिने मागे वळून मला माझंच वाक्य परत विचारलं. मी परत सांगितलं. आवाज कुणाचा, तेही सांगितलं. मग ती जिन्यावरून वर गेली आणि टाकीचा कॉक बंद केला. पाणी थांबलेलं मला ऐकू आलं धाकट्या, आणि बोलणं थांबलं नाही. पलीकडचे आता माझ्याकडे बघून हसत होते.

नियम नियम असतो. जुळलं नाही तर उघडायचं नाही, आधी तपासायचं. मी म्हटलं, “चल, कुठे जायचंय.”

इथली डॉक्टर आपल्या धाकटीच्या वयाची असेल, तुझ्या बायकोच्या. पळायचे बूट घालते आणि खरोखरच पळत असते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले. मी विचारलं, “बाई, मी वेडा झालोय का?”

“तो शब्द आम्ही वापरत नाही.”

“मी वापरतो. सांगा.”

ती स्टुलावर बसली. बसली म्हणजे मोठं काहीतरी आहे, एवढं मला कळतं. म्हणाली, “काका, तो ताप आल्यापासून हे सुरू झालं, असं काकू सांगतात. व्हायरस मेंदूपर्यंत गेला असावा. किंवा त्याच्याशी लढता लढता तुमच्या शरीराने चुकून तुमच्याच मेंदूवर हल्ला केला असावा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. निरोप घेणारी ठिकाणंच बिघडली, तर काय खरं आणि काय नाही याचा घोळ होतो. माणसं आवाज ऐकतात, संशय घेतात, झोपत नाहीत.”

“असावा, असावा. खात्री किती?”

“मणक्यातल्या पाण्यात सुजेची खूण दिसतेय. एक रिपोर्ट यायचाय. तो आला तरी शंभर टक्के मी म्हणणार नाही.”

“असं उत्तर मी गिऱ्हाइकाला दिलं तर उपाशी मरेन.”

“तुम्हाला उघडून बघता येतं,” ती म्हणाली. “मला नाही.”

आवडली मला. मी आपल्या भाषेत समजून घेतलं. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर चिकटला की बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते. मोटर जळलेली नसते, वायरिंग शाबूत असतं, आणि बटण तर कुणी दाबलेलंच नसतं. तसं कुणीच बोलत नाही आणि माझ्या डोक्यात बोलणं चालू राहतं. हे असं लिहिताना पटतं. पेन खाली ठेवलं की पटत नाही, कारण ते आताही बोलताहेत, खिडकीपाशी, आणि तुझा आवाज त्यांच्यात सगळ्यांत स्पष्ट आहे.

गोळ्या देणार आहेत. माझ्या कानाचं काय होईल, ते कुणी सांगत नाही. बोलणारे गेले आणि जाताना कान घेऊन गेले तर?

घाबरलोय. हे वहिनीला बोललेलो नाही, तिला ठाऊक आहे तरी.

दादा


१८ एप्रिल

धाकट्या,

घरी आलो. रिपोर्ट आला. शरीराने स्वतःविरुद्धच उभी केलेली फौज त्यात सापडली, म्हणजे डॉक्टरचा ‘असावा’ बराचसा ‘आहे’ झाला. ती फौज आवरायला सलाइनमधून औषधं दिली, आवाजांसाठी गोळ्या वेगळ्या. तोंड सुजलंय, पँटचं बटण लागत नाही. आवाज लांब गेलेत. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा तसे. शब्द कळत नाहीत, सूर कळतो. तेवढ्यानेही मी उठून खिडकी लावतो.

दिवसचे दिवस खुर्चीत जातात. वर्कशॉपला गेलो तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची छाती होत नाही. आलेली मशीनं समोरच्याकडे पाठवतो. समोरचा इतका चकित झालाय की स्वतः येऊन विचारून गेला, यात काही डाव आहे का? मला त्याच्याकडे बघून हसू आलं. संशय काय असतो, ते या गल्लीत आता माझ्याइतकं कुणाला कळणार?

तुझं पत्र वाचलं. यावेळी पाकीट होतं, पानंही भरलेली. मधल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं की जे झालं ते रसायनाने केलं, आता विषय संपला. त्यावर तू लिहितोस, “आजाराचं होतं ते मी कधीच सोडून दिलं, दादा. पण ‘धाकट्याला रस्त्यावरून उचलून माणूस केलं’ हे तू तापाच्या आधीही म्हणायचास. धाकटीच्या माहेरच्यांसमोर म्हणाला होतास. त्याला कुठला व्हायरस?”

दोन दिवस हे वाक्य घेऊन फिरतोय. वहिनीला वाचून दाखवलं, तर तिने तुझीच बाजू घेतली. मग मी डॉक्टरलाच विचारलं, “माझ्या रागातला आजाराचा किती आणि माझा किती?”

“तसं मोजायचं यंत्र नाही, काका.”

“आमच्याकडे मोटर जळाली तर आम्ही सांगतो, वीज वाढली म्हणून जळाली की वाइंडिंगच आधीपासून कमकुवत होतं.”

“आणि बहुतेक वेळा काय निघतं?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

तिने काही लिहून घेतलं नाही. नुसती बघत राहिली. डॉक्टर लोकांनी असं बघू नये.

तर उत्तर देतो. पार्टिशनपलीकडचा आवाज आजाराचा होता. तो तुझाच का निघाला, शेजाऱ्याचा का नाही, हे मला सांगता येत नाही. गिऱ्हाईक आधी तुझ्याशी बोलायचं, मग माझ्याशी, हे मला दिसायचं. दिसायचं आणि सलायचं. बास. याहून जास्त आज लिहवत नाही.

एक जून जवळ येतोय. सही करायच्या आधी एकदा येऊन त्या पार्टिशनला कान लाव. वहिनीवर विश्वास आहे माझा, पण तिला मशीनं कळत नाहीत. मला तुझा कान हवाय. तू म्हणालास ‘काही नाही’, तर मी मानेन.

दादा


२६ मे

धाकट्या,

परवा येऊन गेलास. एवढ्या महिन्यांनी भेटलो आणि अर्धा तास प्लायवूड किती फुगलंय यावरच बोललो. तुझे केस पुढून पातळ झालेत. बोललो नाही, आता लिहितो.

मग आपण ऐकलं. मी, मग तू. पाठीला पाठ. वहिनी दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. “एक, दोन, बोल” तिनेच म्हटलं.

तू म्हणालास, “काही नाही.”

मीही म्हणालो, “काही नाही.”

अर्धा श्वास मागे. तुझ्या लक्षात आलं, कारण तू वळून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “दादा, आज तुझा कान चप्पल शोधत आला.” वहिनी हसली. मी नाही हसलो. मला ऐकू आलं होतं रे काहीतरी. अगदी बारीक, शब्द नसलेलं. तुझं ऐकलं आणि तेच म्हटलं. डॉक्टरला हे सांगितलंय. ती म्हणते, वेळ लागेल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही, आणि गोळी मनाने बंद करायची नाही. तुला मात्र हे पत्रातूनच कळतंय, कारण तोंडावर सांगितलं असतं तर दयेपोटी राहिला असतास.

जाताना उंबऱ्यात थांबून तू म्हणालास, “येईन. पण यापुढे आधी मी बोलणार, तू मागून.” आणि मला काय झालं कुणास ठाऊक, सगळं होऊन गेल्यावरही मी म्हणालो, “पहिला कान माझा. तीस वर्षांचा आहे. विचार करतो.” तू म्हणालास, “एकतीस तारखेपर्यंत कर.” चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं वाटलं असतं.

ते म्हणताना माझ्या आत कुणी बोलत नव्हतं. रसायन नाही, ताप नाही. तो मीच होतो. हेही लिहून ठेवतो.

काल कानाची तपासणी झाली. मीच भांडून करून घेतली. गोळ्यांनी माझा कान खाल्ला अशी माझी तक्रार होती. काचेच्या कपाटात बसवलं, कानावर डबे चढवले, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बराच वेळ झाला तरी शिट्टी येईना. मी काचेवर टकटक केलं, “बाई, सुरू करा की.” तपासणारी बाहेरून म्हणाली, “काका, चालू आहे. सात-आठ शिट्ट्या वाजून गेल्या.”

वरच्या पट्टीचे आवाज डाव्या कानाला येतच नाहीत. गोळ्यांमुळे नाही, तापामुळेही नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, मशीनच्या गोंगाटात काम करणाऱ्यांचं असंच होतं, हे पंधरा वर्षांचं तरी असेल. मी विचारलं, बेअरिंग कोरडं पडलं की जी बारीक शीळ येते, ती? त्यांनी टेबलाच्या कडेवर पेन घासून दाखवलं, “अशी ना? तीच नाही येणार.”

घरी येईपर्यंत तुझा तो अर्धा श्वास आठवत होतो. तू थांबायचास. माझं उत्तर ऐकायचास, गिऱ्हाइकासमोर तेच म्हणायचास, आणि मशीन उघडल्यावर गुपचूप ज्या बेअरिंगला हवं त्याला ग्रीस घालायचास. मी तुला खोड म्हणायचो. वहिनीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, “मला कसं असणार? तो कधी बोललाच नाही.”

तुझी अट मंजूर. तू आधी बोल. मी मागून बोलेन, आणि वेगळं ऐकू आलं तर वेगळंच सांगेन, जुळवून घेणार नाही. रंगाऱ्याला उद्या बोलावलंय. ‘आणि’च्या पुढची जागा मोकळीच आहे.

एकतीसच्या आत पोचेल असं धरून हे टाकतोय.

तुझा दादा

ता. क. उजवा कान वयाच्या मानाने चांगला आहे म्हणे. स्क्रूड्रायव्हर मी त्याला आजवर एकदाही लावलेला नाही.